वैयक्तिक हमी, घरावरचे दुसरे गहाण आणि स्वतंत्र कायदेशीर सल्ला : माझा अनुभव

माझ्या पतींच्या कंपनीला खेळत्या भांडवलासाठी कर्ज हवे होते. बँकेने त्यापोटी दोन गोष्टी मागितल्या: आम्हा दोघांची वैयक्तिक हमी आणि आमच्या संयुक्त मालकीच्या घरावर दुसरे गहाण. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. घराचे मूळ कर्ज दुसऱ्याच संस्थेचे आहे आणि त्याचे हप्ते अजून चालू आहेत. कंपनीत मी कागदोपत्री संचालक आहे, माझ्या नावावर थोडे शेअरही आहेत, पण व्यवहार सगळा पती पाहतात. मंजुरीपत्रात एक अट होती: माझी सही होण्याआधी मी स्वतंत्र सॉलिसिटरचा (वकिलाचा) सल्ला घ्यावा आणि तो दिल्याचे त्या सॉलिसिटरने बँकेला लेखी कळवावे. त्या पत्राशिवाय कर्जाची रक्कम सुटणार नव्हती.

हे पार पाडताना जे कळले ते लिहिते आहे, कारण ‘आणखी एक कागद’ समजून तो उरकून टाकण्याकडे बहुतेकांचा कल असतो. बँक ही अट स्वतःच्या बचावासाठी घालते, यात शंका नाही. पण तो बचाव भक्कम व्हावा म्हणून तिला जामीनदाराला जी माहिती आणि जो एकांत द्यावा लागतो, त्याचा उपयोग करून घेणे जामीनदाराच्या हातात असते.

सुरुवात बँकेच्या पत्राने झाली. ते पतींमार्फत न येता थेट माझ्या नावे आले. पुढेमागे ‘या कागदांनी मी बांधलेली नाही’ असे मला म्हणता येऊ नये, यासाठी आम्हाला सॉलिसिटरचे पत्र हवे आहे, असे त्यात सरळ लिहिले होते. इतक्या उघडपणे आपला हेतू सांगणारे बँकेचे पत्र मी पूर्वी पाहिले नव्हते. सॉलिसिटर कोण, हे मी स्वतः कळवायचे होते आणि माझे उत्तर येईपर्यंत बँक पुढे सरकणार नव्हती. पतींच्या सॉलिसिटरने हा सल्ला देण्याला कायद्याची सरसकट मनाई नाही, पण आमच्या बँकेला वेगळेच कार्यालय हवे होते. ‘म्हणजे मी तुला फसवतोय, असं वाटतंय का त्यांना?’ पती वैतागून म्हणाले. प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर इथल्या न्यायालयांच्या निकालांत आहे.

त्यातला पहिला महत्त्वाचा निकाल 1993 चा, बार्कलेज बँक विरुद्ध ओब्रायन या खटल्यातला. ओब्रायन यांच्या पतीने पत्नीला सांगितले होते की घरावरचा बोजा 60,000 पौंडांपुरता आणि तीन आठवड्यांपुरताच आहे. प्रत्यक्षात तो कंपनीच्या 1,35,000 पौंडांच्या ओव्हरड्राफ्टसाठी, म्हणजे खात्यातल्या शिलकीपेक्षा जास्त पैसे काढण्याच्या सवलतीसाठी, होता. शाखेत कागद पुढे आले आणि दोघांनी ते न वाचताच सह्या केल्या. पत्नीला नीट समजावून सांगा आणि स्वतंत्र सल्ला घ्यायला सांगा, ही मुख्य कार्यालयाची सूचना शाखेतल्या कर्मचाऱ्यांनी पाळली नव्हती. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, पत्नीविरुद्धचा तो बोजा रद्द ठरवला. पत्नी पतीच्या कर्जाला जामीन राहते, तेव्हा त्या व्यवहारात तिचा स्वतःचा फायदा दिसत नाही आणि तिच्यावर दबाव आलेला असण्याची किंवा तिला चुकीची माहिती मिळालेली असण्याची शक्यता असते. हे बँकेला दिसत असूनही तिने काहीच केले नाही, तर त्याचा फटका बँकेनेच सोसावा, असा तो विचार आहे.

यानंतर बँका सॉलिसिटरचे पत्र मागू लागल्या, पण त्या पत्रामागे सल्ला किती आणि उपचार किती, यावर पुन्हा खटले झाले. असे आठ खटले एकत्र ऐकून हाउस ऑफ लॉर्ड्सने ऑक्टोबर 2001 मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड विरुद्ध एट्रिज हा निकाल दिला. माझ्याकडे आलेले पत्र, त्यातला मजकूर, पुढची भेट, या सगळ्याचा क्रम त्या निकालातून आलेला आहे. त्यात न्यायाधीश लॉर्ड निकल्स यांनी दुसरी बाजूही मांडली आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेले व्यवसाय देशातल्या एकूण व्यवसायांपैकी सुमारे 95 टक्के आहेत आणि बाहेरून येणाऱ्या त्यांच्या भांडवलाचा सर्वांत मोठा स्रोत बँकाच आहेत. घर तारण घेणे बँकांना फार धोक्याचे झाले तर या व्यवसायांना कर्ज मिळणार नाही. म्हणून पत्नीवर खरोखर दबाव होता का, हे बँकेने शोधून काढावे, अशी अपेक्षा न्यायालयाने ठेवली नाही. नवरा-बायकोच्या नात्याच्या आत शिरून बँक काय तपासणार? तिने ठरावीक पावले टाकावीत, एवढेच तिला सांगितले. थोडक्यात, पतींच्या प्रश्नाचे उत्तर असे की बँकेचा त्यांच्यावर कसलाही आरोप नव्हता; पत्नी जामीन राहते एवढी एकच गोष्ट ही पावले टाकायला पुरेशी असते.

मी संचालक असल्याने ही अट मला लागू होणार नाही, असे आमच्या हिशेबनिसांना वाटले होते. तो समजही एट्रिजच्या निकालाने खोडून काढलेला आहे. पत्नी भागधारक किंवा संचालक असली, तरी नावापुरते पद म्हणजे कारभारावर ताबा नव्हे, त्यामुळे बँकेने तितकीच काळजी घ्यायची असते. हा नियम पत्नीपुरताही नाही; मुलाच्या धंद्याला जामीन राहणारे आईवडील, न लग्न केलेले जोडीदार, किंबहुना व्यापारी संबंध नसताना दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणारा कोणीही त्यात येतो.

सॉलिसिटर मिळणे मला वाटले होते त्यापेक्षा अवघड गेले. काही कार्यालयांनी ‘हे काम आम्ही घेत नाही’ असे फोनवरच सांगितले. कारण पुढे उमजले: फी थोडी, जबाबदारी मोठी. शेवटी ज्या बाईंनी काम घेतले त्यांनी बँकेकडून आधी कागद मागवले. कर्ज कशासाठी, कंपनीचे सध्याचे देणे किती, ओव्हरड्राफ्टची मर्यादा किती, नव्या कर्जाची रक्कम आणि अटी काय, आणि पतींनी केलेल्या लेखी अर्जाची प्रत. ही माहिती बँकेने सॉलिसिटरला पुरवायची असते आणि त्यासाठी पतींची संमती लागते. ती मिळाली नाही, तर व्यवहार तिथेच थांबतो. कंपनीचा ओव्हरड्राफ्ट जवळजवळ मर्यादेला टेकलेला आहे, हे मला त्या कागदांतून पहिल्यांदा आकड्यांत दिसले. पतींनी ते लपवले नव्हते, पण ‘थोडी ओढाताण आहे’ या शब्दांत तो आकडा मावत नव्हता.

भेट प्रत्यक्ष आणि माझ्या एकटीची झाली. पती मला सोडायला आले होते. बाईंनी त्यांना नम्रपणे बाहेर बसायला सांगून दार लावले. पासपोर्ट पाहिला, नोंदवहीत वेळ लिहिली आणि म्हणाल्या, ‘आज मी फक्त तुमची सॉलिसिटर आहे. तुम्ही सही करायलाच हवी, असं नाही. नाही म्हणालात तर का, हे बँकेला सांगायची गरज नाही.’ मग हमीपत्राचे एकेक कलम घेऊन त्या समजावत गेल्या आणि प्रत्येक कलमानंतर ‘आता हेच तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणाल्या. माझी उत्तरेही त्या लिहून घेत होत्या. ही लिहिण्याची शिस्त माझ्याइतकीच त्यांच्या स्वतःच्या संरक्षणासाठी होती, हे त्यांनी लपवले नाही.

हमीपत्रातली भाषा साधी वाटते, पण तिचे परिणाम साधे नसतात. आमच्या मसुद्यात रकमेला मर्यादाच नव्हती; कंपनीचे बँकेला असलेले आजचे आणि पुढचे सर्व प्रकारचे देणे त्यात येत होते. म्हणजे उद्या पतींनी माझ्या नकळत कंपनीसाठी आणखी कर्ज घेतले असते, तरी माझे घर त्याला बांधलेले राहिले असते. आमची जबाबदारी ‘संयुक्त आणि स्वतंत्र’ होती, म्हणजे निम्मी-निम्मी नव्हे. बँक पूर्ण रक्कम माझ्या एकटीकडूनही मागू शकत होती. बँकेने आधी कंपनीवर किंवा पतींवर कारवाई करावी, अशी सक्ती नव्हती. लेखी मागणी आली की पैसे देय होणार होते. आणखी एक कलम होते, ज्यानुसार मी जामीनदार असले तरी मला मुख्य कर्जदारासारखेच धरले जाणार होते. ते कशासाठी, असे विचारल्यावर बाईंनी 1878 च्या एका निकालापासून चालत आलेला नियम सांगितला: जामीनदाराला न विचारता मूळ कर्जाच्या अटींत महत्त्वाचा बदल केला, तर जामीनदार सुटतो. बँकांच्या छापील मसुद्यात ही सुटका आधीच बंद करून ठेवलेली असते.

या भेटीचा मला सर्वांत मोठा उपयोग इथे झाला. बाईंनी विचारले, ‘यातलं काय तुम्हाला मान्य नाही?’ तोवर मसुदा बदलता येतो, हेच माझ्या ध्यानात आले नव्हते. त्यांनी माझ्या वतीने बँकेला लिहिले की हमी फक्त या एका कर्जापुरती असावी आणि माझी जबाबदारी 1,50,000 पौंडांपुरती असावी. बँकेने रकमेची मर्यादा मान्य केली, मात्र व्याज आणि वसुलीचा खर्च तिच्याबाहेर ठेवला. ‘सर्व देणी’ काढून हे एक कर्ज एवढेच ठेवायला तिने बरीच खळखळ केली, पण शेवटी तेही मान्य केले. अशी विनंती फेटाळलीही जाऊ शकते. पण ती करायची जागा हीच. सही झाल्यावर ती ऐकून घ्यायला कोणी बांधलेले नसते.

धंदा चालेल का, कर्ज फिटेल का, यावर बाईंनी एक शब्दही मत दिले नाही. ते त्यांचे कामच नव्हते. कंपनी बुडाली तर घर जाऊ शकते, घर विकून भागले नाही तर उरलेल्या रकमेसाठी माझ्यावर दिवाळखोरीची कारवाई होऊ शकते, हे त्यांनी सांगितले. ती शक्यता कितपत आहे हे मला हिशेबनिसांसोबत ताळेबंद घेऊन बसूनच समजून घ्यावे लागले. सही करू नका असे सांगणे हेही सहसा सॉलिसिटरचे काम नसते. मात्र स्त्रीवर ढळढळीत अन्याय होतो आहे असे दिसले, तर त्यांनी काम सोडून द्यावे, असे एट्रिजच्या निकालात आहे.

आता त्या पत्राविषयी. सॉलिसिटरने बँकेला ‘कागदांचे स्वरूप आणि प्रत्यक्ष परिणाम समजावून सांगितले’ असे कळवले, की सामान्यतः बँकेची जबाबदारी संपते. सल्ला अपुरा होता असे पुढे निघाले, तरी तो प्रश्न माझा आणि सॉलिसिटरचा राहतो. दावा लावायचा तो त्यांच्यावर, त्यांच्या व्यावसायिक विम्यातून भरपाई मागण्यासाठी. घर मात्र बँकेकडे बांधलेलेच राहते. पूर्वी बँकेच्या अंगावर असलेली जोखीम एका पत्राने सॉलिसिटरच्या अंगावर जाते, आणि फोनवर नकार देणाऱ्या कार्यालयांचे कारण हेच. माझ्या बाजूने पाहिले, तर ‘मला माहीत नव्हते’ हे वाक्य मी त्या दिवशी कायमचे सोडून दिले. त्याच्या बदल्यात नीट माहिती पदरात पाडून घेतली नसती, तर तो सौदा निव्वळ तोट्याचा होता.

बँकेने ही पावले चुकवली तर घर वाचते, असेही सरसकट समजू नये. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे, पत्नीविरुद्धचे गहाण रद्द झाले तरी पतीच्या हिश्श्यावरचा हक्क बँकेकडे राहू शकतो आणि त्याच्या जोरावर ती घरविक्रीचा आदेश न्यायालयाकडे मागू शकते.

पतिपत्नीने मिळून घेतलेल्या कर्जाचे गणित वेगळे असते. दोघांच्या सामाईक कामासाठी घेतलेल्या कर्जात बँकेला ही काळजी घ्यावी लागत नाही, असे 1993 मध्येच ठरले होते. पण संयुक्त कर्जातला काही भाग एकट्याचीच जुनी देणी फेडायला जात असेल तर काय, हा प्रश्न लोंबकळत होता. जून 2025 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की तो भाग अगदी किरकोळ नसेल, तर बँकेने जामीनदाराच्या बाबतीत घ्यायची तीच काळजी इथेही घ्यायला हवी. घराचे कर्ज नव्याने करून त्यातून जोडीदाराची क्रेडिट कार्डे फेडायचा बेत असेल, तर हे माहीत असावे.

सही बाईंच्या कार्यालयातच झाली. गहाणखत हा विशिष्ट स्वरूपाचा दस्त असल्याने साक्षीदार सहीच्या वेळी समोर हजर लागतो आणि व्यवहारातला पक्षकार साक्षीदार होऊ शकत नाही. माझ्या सहीला तिथल्या एका कर्मचारी मुलीने साक्ष दिली. पहिल्या कर्जदात्याची संमती आणि लँड रजिस्ट्रीतली (घर-जमिनींच्या मालकीच्या सरकारी दप्तरातली) नोंद हे पुढचे काम बँकेच्या वकिलांनी केले. सल्ल्याची फी कंपनीने भरली. भेटीनंतर बाईंनी सगळ्या सल्ल्याचे एक पत्र मला पाठवले, त्यात एक सूचना वेगळी काढून लिहिली होती: बँकेला लेखी नोटीस देऊन हमी पुढच्यासाठी थांबवता येते, मात्र त्या तारखेपर्यंतचे देणे माझ्यावर राहते. ते पत्र, हमीपत्राची प्रत आणि बँकेचे पहिले पत्र मी एकत्र ठेवले आहे. कर्जाची मर्यादा वाढवण्याचा विषय निघाला, तर हे सगळे पुन्हा नव्याने करावे लागेल, हे पतींनाही आता ठाऊक आहे.