अंजिरांची ढेप आणि डायलिसिसची सुई

रविवारी पहाटे चारला डायलिसिस युनिटच्या सिस्टरांचा फोन आला. "पाळकसाहेब, पेशंट सुई लावू देत नाहीत. देवाचं कारण सांगतायत. तुम्ही लगेच या."

मिशन हॉस्पिटलातल्या चॅप्लेनला, म्हणजे पेशंटना धीर देणाऱ्या पाळकाला, असा फोन आला की बायबल उघडण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या असतात. पेशंट शुद्धीवर आहे का? डॉक्टरांनी धोका नीट समजावून सांगितलाय का? हाताशी वेळ किती आहे? पेशंट शुद्धीवर होते, डॉक्टर दोनदा बोलले होते, आणि वेळ जेमतेम अर्धा तास.

वय 58. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर खेपेला चार तास डायलिसिस. त्यातले बुधवार आणि शुक्रवार चुकवले होते. घरी येणाऱ्या प्रार्थनागटानं तीन दिवसांचा उपास सांगितला होता, आणि वर हेही, की विश्वास धरलाय तर मशीन कशाला. उपास सोडायला शहाळ्याचं पाणी दिलं. देणाऱ्यांना ते सर्वांत निर्मळ, हलकं वाटलं. पण मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाला शहाळं म्हणजे पोटॅशियमचा मोठा डोस, कारण ते बाहेर टाकायला शरीराकडे वाटच नसते. लघवी जवळजवळ बंद असल्यानं पाणीही साचत जातं. वजन ठरवून दिलेल्या कोरड्या वजनापेक्षा (जादा पाणी काढल्यावरच्या वजनापेक्षा) 6 किलो जास्त भरलं, फुप्फुसांत पाणी उतरलं होतं, आणि पोटॅशियम 7.1. ते साधारण 3.5 ते 5 मध्ये असावं लागतं. डॉक्टरांनी कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं होतं. ते अर्धा-पाऊण तास हृदयाला सांभाळतं, पोटॅशियम मात्र उतरवत नाही.

अशा वेळी चॅप्लेनच्या हातून दोन चुका सहज होतात. एक म्हणजे डॉक्टरांचा वकील होणं: "काका, सही करा, बरे व्हाल." संमती घेणं हे डॉक्टरांचं काम, आणि बरे व्हाल असं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. दुसरी म्हणजे लगेच मोठ्यानं प्रार्थना सुरू करणं. ज्याला वाटतंय की सुई टोचून घेतली तर मी देवाला नाकारलं, त्याच्या कानावर अजून एक प्रार्थना पडली की भीती दुप्पट होते. म्हणून मी फक्त विचारलं, "तुम्हांला कशाची भीती वाटते?"

दम घेत घेत ते म्हणाले, "ही माझी परीक्षा आहे. सुई लावली की मी नापास."

सगळा पेच त्या वाक्यात होता. परीक्षा देणं वेगळं आणि परीक्षा पाहणं वेगळं, हे आपली भाषाच सांगते. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभं करतो आणि 91 वं स्तोत्र म्हणून दाखवतो: उडी टाक, देवदूत झेलतील. वचन खरं, वापर खोटा. येशू बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकातलं उत्तर देतो, की परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नको. ज्या आजारातून माणूस चाललाय ती त्याची परीक्षा. मशीन सोडून देवाला कामाला लावायचं, ही देवाची परीक्षा.

पण एवढं समजावून सांगायला वेळ नव्हता. मी 2 राजे, अध्याय 20 एवढंच सांगितलं. त्यांच्या पत्नी, 20 वर्षं संडे स्कूल घेणाऱ्या बाई, यांनी पिशवीतलं बायबल काढून वाचलं. हिज्कीया राजा मरणाला टेकलेला. पाचव्या ओवीत देव म्हणतो, मी तुला बरं करतो. सहाव्यात 15 वर्षांचं आयुष्य वाढवून देतो. आणि सातव्या ओवीत यशया संदेष्टा अंजिरांची ढेप मागवतो, गळवावर बांधायला.

"परत वाच," ते म्हणाले. बाईंनी सातवी ओवी परत वाचली.

"वचन मिळाल्यावर लेप लावला?"

"हो, वचन मिळाल्यावर," मी म्हणालो. पुढे काही बोललो नाही. इथे बोललं की बिघडतं. दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री जमिनीवर गप्प बसले तोवर ठीक होते. तोंड उघडल्यावर चुकले. मिनिटभरानं काकांनी फिस्टुलाचा (डायलिसिसच्या सुईसाठी जोडलेल्या रक्तवाहिन्यांचा) डावा हात पुढे केला, आणि डॉक्टरांनी संमतीचा कागद आणला.

मशीन सुरू झाल्यावर मी बाईंकडे वळलो. या कामात निम्मी चूक इथेच होते: पेशंट सावरला की आपण निघतो, आणि सोबतचं माणूस तसंच उरतं. आधी गोड चहा आणि बिस्किटं दिली. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूतानंही दोनदा भाकर आणि पाणीच दिलं. देवाचा प्रश्न पुढे, होरेब डोंगरावर.

चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला आता प्रार्थनाच येत नाही. वर्ष झालं. ओठ हलतात, आत काही नाही. माझ्यामुळेच झालं का हे?"

या कोरडेपणावर घाईनं उपदेश करू नये. आधी झोप, जेवण, रडू, घरकाम होतंय का, जीव द्यावासा वाटतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारायचं. तसं असेल तर मानसोपचार हवा, आणि तोही अंजिरांची ढेपच. बाईंची झोप मोडली होती, म्हणून डॉक्टरांशी गाठ घालून दिली. मरणाचा विचार नव्हता.

मग 88 वं स्तोत्र दिलं. 18 ओव्या, आणि शेवट अंधारातच. तिथे कोणी उजेड जोडून दिलेला नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. इतकंच सांगितलं की डायलिसिसच्या दिवशी, मशीन लागल्यावर, हे मोठ्यानं वाचा. भावना आल्या नाहीत तरी चालेल. दुसरं, संडे स्कूल सोडायचं की नाही हे आता ठरवू नका. इग्नाती लोयोला (1491–1556) यांचा नियम कॅथलिक परंपरेतला असला तरी मी प्रॉटेस्टंट घरांतही सांगतो: उदासीच्या काळात आधी केलेला निश्चय बदलू नये. अंधारात नकाशा बदलला की वाट दुरावते.

तिसरं, प्रार्थना इतरांकडे सोपवा. निर्गमाच्या सतराव्या अध्यायात लोक मस्सा येथे, परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही, असं विचारून देवाची परीक्षा पाहतात. त्याच अध्यायात लढाई चालू असताना मोशेचे वर केलेले हात जड होतात आणि अहरोन व हूर ते वर धरून ठेवतात. हात धरणारे लागतात, म्हणून महिला मंडळाची पाळी लावली: तिन्ही दिवस एक जण सोबत, भेट 15 मिनिटांची, प्रार्थना दोन मिनिटांची. डब्यात केळं, शहाळं, टोमॅटो नाही. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचं.

दुपारी त्या प्रार्थनागटाच्या ताईंना फोन केला. रागावलो नाही, त्यांनी तीन दिवस खरोखर उपाशी राहून विनवणी केली होती. पोटॅशियमचा आकडा सांगितला आणि डायलिसिसवरच्या माणसाला उपास का देऊ नये ते सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी पाळीचा कागद मागितला.

सोमवारी सकाळची पहिली पाळी त्यांनीच घेतली. हातात डबा होता, आणि युनिटच्या दारातच त्यांनी सिस्टरांना विचारलं, "दुधी आहे. पाणी दोनदा काढून टाकलंय. चालेल ना?"