पेश्टचं गरम पाणी आणि अण्णांचा बोअर

बुडापेस्ट, गुरुवार, रात्री साडेदहा

आज सेचेनीच्या गरम पाण्याला, म्हणजे इथल्या गरम पाण्याच्या स्नानगृहाला, जाऊन आलो. आम्ही दोघं आल्या दिवसापासून लेकीचं एकच पालुपद होतं, "बाबा, तिथं जायचंच." ती इथं वर्षभर नोकरीला आहे. आज तिनं सुट्टीच टाकली. सकाळी बाहेर दोन अंश. ही म्हणाली, असल्या थंडीत उघड्यावर अंघोळ करायला आपण काय कुंभमेळ्याला आलोय का? पण निघालो.

पिवळ्या रंगाच्या लहानशा मेट्रोनं गेलो. ही मेट्रो १८९६ सालची. रस्त्यावरून चार पायऱ्या उतरलं की फलाट, इतकी उथळ. बागेतच स्टेशन आहे, आणि वर आलं की समोर पिवळी, घुमटांची, राजवाड्यासारखी इमारत. १९१३ साली बांधलेली. बाहेरचे उघडे हौद १९२७ साली जोडले. आत-बाहेर मिळून १८ हौद आहेत. आत जाताना मनगटाला एक पट्टा बांधतात, त्यानंच कपड्यांचं कपाट उघडतं.

हिच्यासाठी लेकीनं पायघोळ, लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख आणून ठेवला होता. तरी ही दारातच थबकली. पण त्या दारातून सत्तरीच्या, पंचाहत्तरीच्या बायका काठी टेकत निवांत जात होत्या. त्यातल्या एकीनं हिच्याकडं बघून मान हलवली, म्हणजे चला की! मग ही निघाली. दार ते पाणी हे अंतर पंधरा-वीस पावलांचंच असेल, पण फरशी बर्फासारखी लागत होती. आणि मग एकदम ३८ अंशांचं पाणी. ही गळ्यापर्यंत पाण्यात पायरीवर बसली, डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोललीच नाही. तिचे गुडघे गेली सहा वर्षं दुखतात.

वाफ इतकी होती की समोरचा काठ दिसेना. वाफेतून माणसं पुढं येत आणि परत वाफेत जात. एका कोपऱ्यात छातीभर पाण्यात उभे राहून दोन म्हातारे बुद्धिबळ खेळत होते, पट दगडी कठड्यावर. एकानं मारलेलं काळं प्यादं ओल्या मुठीत धरलं होतं आणि विचार करताना तो ते अंगठ्यानं घासत होता. भोवती चार-पाच जण बघत उभे. कुणी बोलत नव्हतं. मीही जाऊन उभा राहिलो. आपल्याकडं पारावर डाव पडतो तेव्हा असंच उभं राहतात लोक. मला तिथं परकं वाटलं नाही.

डोळे उघडल्यावर हिचा पहिला प्रश्न, "हे पाणी येतं कुठून आणि जातं कुठं?"

घरात पाण्याचा हिशेब ठेवलेल्या बाईचाच हा प्रश्न. २०१६ च्या उन्हाळ्यात लातुरात आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा टँकर यायचा, तेव्हा हिनं दाराच्या मागं खडूनं घागरी मोजून ठेवल्या होत्या. भांडी घासलेलं पाणी संडासाला, तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला.

लेकीनं सांगितलं ते असं. विल्मोश झिग्मोंडी नावाचा एक खाणींचा इंजिनियर होता. त्यानं याच बागेत १८६८ साली जमिनीत छिद्र पाडायला सुरुवात केली, ते संपलं १८७८ साली. दहा वर्षं! ९७० मीटर खोल. खालून ७४ अंशांचं पाणी आपोआप वर आलं. पुढं १९३८ साली दुसरी विहीर, साडेबाराशे मीटरच्या आसपास, तिचं पाणी ७७ अंश. हे पाणी निववूनच हौदात सोडतात. शेजारच्या प्राणिसंग्रहालयात पाणघोड्यांनाही याच झऱ्याचं पाणी मिळतं. ते ऐकून हिला फार बरं वाटलं. "मुकी जनावरंबी गरम पाण्यात," म्हणाली.

मी मात्र मनातल्या मनात फूट करत होतो. ९७० मीटर म्हणजे जवळपास तीन हजार दोनशे फूट.

आणि तिथंच, त्या गरम पाण्यात, माझ्या पोटात खड्डा पडला. आमचं गाव औसा तालुक्यात. त्याच २०१६ च्या एप्रिलात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेतात बोअर घेतला होता. पाणाड्या आला, तळहातावर नारळ उभा करून शेतभर फिरला, नारळ जिथं पडला तिथं दगड ठेवला. बोअर पाडणारी तामिळनाडूची गाडी रात्री नऊला लागली. पहिल्यांदा मुरूम, मग काळा पाषाण, मग दोनशे फुटांवर गेरूचा तांबडा थर. तेव्हा सगळ्यांना वाटलं, लागणार. मग परत काळा पाषाण. सहाशे वीस फुटांपर्यंत नुसता फुफाटा. सगळ्यांच्या पापण्या, मिशा पांढऱ्या झालेल्या. पहाटे अण्णांनी हात वर केला आणि मशीन बंद करायला सांगितलं, कारण फुटाच्या दरानं पैसे संपले होते. तेव्हापासून आजतागायत, दरवर्षी उन्हाळा लागला की अण्णा एकदा तरी म्हणतात, "अजून शंभर फूट गेलो असतो तर." ते स्वतःलाच म्हणतात, आणि तेच मला सहन होत नाही.

आतल्या हौदांत गंधकाचा किंचित वास येतो, पाणी हिरवट दिसतं. तिथं दुपारपर्यंत बसलो. इथं डॉक्टरच्या चिठ्ठीवरही लोक उपचाराला येतात. सांधे, पाठ, कंबर घेऊन आलेली माणसं. ते पाणी पितातसुद्धा, त्यासाठी वेगळं दालन आहे. हिनं आग्रहानं अर्धा पेला घेतला. कोमट, जड, खनिजाच्या चवीचं. तिनं सगळा संपवला. पाणी टाकणं तिला जमतच नाही.

बाहेर पडून हिरोज स्क्वेअरपर्यंत चालत गेलो. मधला उंच स्तंभ, घोड्यांवरचे राजे, सगळे त्यांचेच फोटो काढत होते. मला बघायचं होतं ते जमिनीत होतं. हुतात्म्यांच्या दगडामागं एक लोखंडी पत्रा बसवलाय. झिग्मोंडीची विहीर तिथं आहे. मिनिटाला ८३१ लिटर पाणी द्यायची. मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. लातूरला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली तेव्हा तिच्यात पाच लाख लिटर होतं. या विहिरीला ते द्यायला दहा तास लागले असते. बूट काढून त्या पत्र्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला. लेक काही बोलली नाही.

दहा वर्षं तो माणूस खोल जात राहिला आणि माझा बाप एका रात्रीत थांबला, असं मनात यायला लागलं होतं. पण ते खरं नाही. बुडाच्या, म्हणजे नदीपलीकडच्या अर्ध्या शहराच्या, डोंगरांत चुनखडी आहे. पावसाचं पाणी तिच्यातल्या भेगांतून खोल मुरतं, इथल्या जमिनीखालची उष्णता नेहमीपेक्षा जास्त, म्हणून ते तापतं आणि भेगांवाटे वर येतं. आमच्याकडं बेसाल्ट, म्हणजे तोच काळा पाषाण. पाणी असलं तर वरच्या झिजलेल्या थरात, दोन थरांच्या सांध्यात, एखाद्या फटीत. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथं शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल बोअर घेतला, तेव्हा ३३८ मीटरपर्यंत बेसाल्टच लागला, आणि त्याच्या खाली जुना टणक खडक. अण्णांचे सहाशे वीस फूट म्हणजे १८९ मीटर. आणखी शंभर फूट गेले असते तरी त्याच दगडात असते. हे मला कधीपासून माहीत होतं. सांगितलं कधीच नव्हतं, कारण बाप असा हळहळत असताना लेकानं भूगोल कसा सांगायचा?

तिथूनच फोन लावला. तिकडं संध्याकाळचे सहा वाजले होते, अण्णा ओसरीवर होते. "अण्णा, इथं तीन हजार दोनशे फुटांवर पाणी लागलंय. गरम."

"किती?"

परत सांगितलं. गप्प झाले. मग, "केसिंग कितीपर्यंत टाकलंय?"

केसिंग म्हणजे बोअरच्या आत बसवायचा पाइप. तो कितीपर्यंत, ते मला माहीत नव्हतं. दहा वर्षं लागली म्हटल्यावर ते परत गप्प झाले, आणि मला कळलं ते कुठं पोचलेत. मग मी सगळं सांगितलं. किल्लारीचा बोअर, ३३८ मीटर, शंभर फुटांचा हिशेब. "अण्णा, तुम्ही लवकर नाही थांबला. खाली काही नव्हतंच."

बराच वेळ पलीकडून फक्त गाईच्या गळ्यातली घंटी ऐकू येत होती.

"तिथला दगड कसला म्हणालास?"

"चुनखडी."

"हां," ते म्हणाले. "मग बरोबर आहे." आणि हिला फोन दे म्हणाले, तिचे गुडघे कसे आहेत ते विचारायला.