बाबांच्या हातातली बशी

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी सव्वासातला बाबांच्या उजव्या हातातून बशी निसटली. कोपरीतलं आमचं छोटं किचन, चहा सगळा लादीवर, मी म्हटलं राहू दे बाबा मी पुसते, तर ते जे काय बोलले ते कळलंच नाही आणि तोंड डावीकडे ओढलेलं. आई म्हणाली शुगर कमी झाली असेल, साखर दे, पडू दे जरा. शेजारच्या काकूंनी कांदा हुंगवला. या सगळ्यात पावणेदोन तास गेले, मग तीन हात नाक्याच्या सिग्नलला आणखी दहा मिनिटं.

कॅज्युअल्टीत डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "यांना शेवटचं नीट कधी बघितलंत?" हा स्ट्रोक होता, म्हणजे पक्षाघात, मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली. ती विरघळवायचं इंजेक्शन त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेततं. बाबांना ते वेळेत मिळालं, काठावर.

नंतर मी यावर खूप वाचलं. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण ऑक्सिजन खातो जवळपास २० टक्के, आणि साठवून काहीच ठेवत नाही. सोसायटीत पाणी गेलं तरी गच्चीवर टाकी असते, इथे टाकीच नाही. रक्त थांबलं की काही मिनिटांत पेशीची ऊर्जा संपते, सोडियम बाहेर टाकणारे पंप बंद पडतात, सोडियम आत साचतं, त्याच्यामागे पाणी येतं आणि पेशी फुगते. मग ग्लुटामेट नावाचं रसायन बेसुमार सांडतं, एरवी पेशी त्यानेच एकमेकींशी बोलतात, पण इतकं झालं की शेजारच्या पेशींमध्ये कॅल्शियम घुसतं आणि त्यांचीच एन्झाइम्स त्यांना आतून तोडायला लागतात. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर मिनिटाला साधारण १९ लाख न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या पेशी, जातात असा हिशोब आहे. मी तो पावणेदोन तासांशी गुणला नाही, हिंमतच झाली नाही.

पण मधला भाग मेला तरी त्याच्या कडेच्या पेशींना आजूबाजूच्या वाहिन्यांतून थोडं रक्त मिळत असतं, त्या गप्प होतात पण जिवंत असतात. बाबांचा हात लुळा पडला तेव्हा तो हात चालवणाऱ्या मेंदूतल्या सगळ्याच पेशी गेल्या नव्हत्या, कितीतरी नुसत्या वाट बघत होत्या. म्हणून सांगते, तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ लावा, आणि तोंडात साखर काय, पाणीसुद्धा घालू नका, गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जातं.

हात बराच आला आता, बशी धरतात. चमच्याला मात्र अजून चावी म्हणतात, मग थांबतात, माझ्याकडे बघतात आणि पुन्हा सुरुवात करतात.