तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅनी एर्नो कुठून वाचायला घ्यावी?

फ्रेंच लेखिका एर्नो यांना २०२२चं साहित्याचं नोबेल मिळाल्यापासून हा प्रश्न सारखा येतो. उत्तर एकच: ‘अ मॅन्स प्लेस’. बरेच जण गाजलेलं म्हणून आधी ‘द इयर्स’ उचलतात आणि अर्ध्यात ठेवून देतात. त्यात ‘मी’ नाही. ‘ती’ आहे, ‘आपण’ आहे, साठेक वर्षांचा फ्रान्स आहे. एर्नोंचा आवाज आधी ओळखीचा नसेल, तर हाताला काही लागत नाही.

‘अ मॅन्स प्लेस’ जेमतेम शंभर पानांचं. नॉर्मंडीतल्या इव्हतो गावात किराणा दुकान आणि कॅफे एकत्र चालवणारे एर्नोंचे वडील १९६७मध्ये गेले, मुलगी शिक्षिकेची परीक्षा पास झाल्यावर दोनच महिन्यांनी. त्यांच्यावर तिने आधी कादंबरी लिहायला घेतली, पण मध्येच ती सोडून दिली. गरजेपोटी राबलेल्या माणसाचं आयुष्य रंगवून सांगायचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटलं. म्हणून उरली ती सपाट भाषा, आईवडिलांना खुशालीची पत्रं लिहावीत तशी. १९८४चा रनोदो हा फ्रेंच साहित्य पुरस्कार याच पुस्तकाला. घाईने वाचलंत तर कोरडं वाटेल. तिरप्या अक्षरांतल्या शब्दांवर थांबा. ते घरातले, त्या थरातल्या माणसांचे शब्द आहेत. सगळी लाज आणि माया तिथेच आहे.

मग आईवरचं ‘अ वुमन्स स्टोरी’.

त्यानंतर ‘हॅपनिंग’, आणि जमलं तर त्याच्या जोडीला १९७४ची पहिली कादंबरी ‘क्लीन्ड आउट’. अनुभव एकच: रुआँ शहरात शिकत असताना १९६४च्या जानेवारीत केलेला गर्भपात. तेव्हा फ्रान्समध्ये तो गुन्हा होता. कायदा १९७५मध्ये बदलला. कादंबरीत नायिकेचं नाव दनीझ लसूर, भाषा संतापलेली, शिवराळ. २०००च्या ‘हॅपनिंग’मध्ये काल्पनिक नाव गेलं, संतापाचा सूर गेला, डायरीतल्या नोंदी आल्या, आणि तरी तेच जास्त हादरवतं. एर्नोंनी लेखणीतून काय काय काढून टाकलं, हे इतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. एर्नोंच्या लेखनाला निव्वळ कबुलीजबाब म्हणणाऱ्यांनी ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून पाहावीत.

‘द इयर्स’ आता घ्या. त्यात छायाचित्रांची वर्णनं आहेत, छायाचित्रं नाहीत. प्रत्येक वर्णनापाशी ‘ती’चं वय आणि साल समासात टिपून ठेवा. सणावारांच्या जेवणांची पानंही सोडू नका. युद्धाच्या आठवणी मागे पडून टेबलावर नव्या वस्तूंच्या गप्पा कशा येतात, ते तिथेच कळतं.