खताच्या ड्रमला जागा मिळाली एकदाची

आज अख्खा रविवार एका ड्रमवर गेला बघा. कंपोस्टसाठी ते हँडलने फिरवायचे ड्रम बघितले, दिसायला मस्त, पण आमच्या गुहागरात पावसाळ्यात हवाच इतकी दमट की बंद ड्रममध्ये माल नुसता चिकट होणार, आणि वाडीतल्या पातेऱ्यापुढे, म्हणजे सुक्या पालापाचोळ्यापुढे, तो पुरणार तरी किती! शेवटी २०० लिटरचा निळा ड्रमच घेतला, बूड कापलं, बाजूने भोकं पाडली. बूड उघडं असलं की पाणी खाली जातं नि गांडुळं आपसूक वर येतात. फक्त घुशींसाठी खाली बारीक जाळी मारली.

खरा वाद जागेवरून. सासूबाई म्हणाल्या विहिरीकडे ठेव, पाणी जवळ. म्हटलं आई, पावसात ह्याचं काळं पाणी विहिरीत उतरलं तर? जांभ्या दगडातून झिरपायला कितीसा वेळ लागतो. माडाखाली नको, झावळ नाहीतर नारळ बरोब्बर त्यावरच पडणार. उघड्यावर ठेवला तर मे महिन्यात आतलं सगळं कोरडं ठाक. मग मागच्या दाराजवळ, फणसाच्या सावलीत, जरा उंचवट्यावर. लांब ठेवला असता तर जुलैच्या पावसात छत्री घेऊन सालं टाकायला कोण जाणार, ह्यांना तर मी चांगली ओळखते 😄

ओल्या कचऱ्याच्या दुप्पट पातेरा टाकायचा, म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आत गोणी भरून पडवीत ठेवायच्यात. मासळीचं काहीही टाकायचं नाही हे घरात बजावलंय, तरी झाकणावर एक चिरा ठेवलाय, शेजारच्या बोक्याचा भरवसा नाही.