तुम्ही विचारलंत म्हणून: अहवाल नक्की कोणाचा?

"पैसे सरकार देतं, मग अहवाल सरकारला टोचेल असा कसा निघेल?" लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, सगळीकडे हेच. धोरण-संशोधन संस्थेत आहे म्हटलं की समोरचा आधीच गालात हसतो.

माझं ठरलेलं उत्तर म्हणजे दांडेकर-रथ. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या या दोन अर्थतज्ज्ञांनी १९७१ मध्ये मांडलं की, १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपयेही ज्यांना खर्चता येत नाहीत ते गरीब. खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले निम्मे लोक त्या रेषेखाली निघाले. अभ्यासाला पैसा फोर्ड फाउंडेशनचा. दबले का ते?

एवढ्यावर समोरचा गप्प होतो. मी मात्र होत नाही.

ठिबक योजनेच्या मूल्यमापनाची गोष्ट. एका शेतात अनुदानाच्या नळ्यांवर धुणं वाळत होतं. विहीर मार्चमध्येच आटली होती, ठिबक चालवायचं कशावर? असे संच किती, याचा तक्ता मी मसुद्यात दुसऱ्या प्रकरणात घातला. बैठकीत सरकारी खात्याच्या साहेबांनी चहा मागवला, तक्त्याभोवती पेन्सिलनं गोल काढला. "आकडे बरोबर आहेत. फक्त हे परिशिष्टात घ्या." आमच्या संचालकांनी माझ्याकडे बघितलं. शेवटचा हप्ता अडकला होता, क्षेत्रकर्मींचे पगारही. तक्ता परिशिष्ट सातमध्ये गेला. एक आकडा बदलला नाही, हे मी आजही ठणकावून सांगतो. विशीतला मी म्हणतो, सातव्या परिशिष्टापर्यंत पोचतं कोण? तू तरी पोचतोस का? त्याला सांगतो, पगार तू देणार होतास का?

खरं तर विचारायचं असेल तर हे विचारा: प्रश्न कोण निवडतं? १९३० मध्ये रावबहादूर काळ्यांच्या देणगीवर गोखले इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथल्या धनंजयराव गाडगिळांनी वाई तालुक्यातल्या शेतीचा जमाखर्च मांडला, तेव्हा त्याचं टेंडर निघालं नव्हतं. आम्हाला विषय, मुदत, नमुना सगळं 'टीओआर'मध्ये, म्हणजे काम देणाऱ्यानं ठरवलेल्या अटींच्या कागदात, छापून येतं. विहिरी का आटतात, हे त्यात नव्हतं.

परदेशी निधी घ्या म्हणता? दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संशोधन संस्थेचा परदेशी देणग्या घेण्याचा (एफसीआरए) परवाना २०२३ मध्ये निलंबित झाला आणि २०२४ मध्ये रद्दच. आता देणगी देणारे काळे शोधायचे कुठे? तुमच्या ओळखीत कोणी असेल तर कळवा. तोवर पुढच्या टेंडरची तारीख जवळ आली आहे, आणि विषय परत ठिबकच आहे.