गवतासाठी झाडं तोडणारं जंगलखातं

शिकागोला पाहुणे आले की तलाव आणि उंच इमारती दाखवून झाल्यावर मी त्यांना मिडेविन या राखीव गवताळ माळावर नेते. शहराच्या नैर्ऋत्येला, गाडीने साधारण तासाभरावर, विल्मिंग्टन गावाजवळ. "इथे बघायचं काय? नुसतं गवत तर आहे!" हा प्रश्न ठरलेला. पण ऑगस्टअखेर तेच गवत डोक्याच्या वर गेलेलं असतं. बिग ब्लूस्टेम या गवताच्या जांभळट तुऱ्याला कोंबडीच्या पायासारखी तीन बोटं फुटलेली असतात. आणि जितकं गवत वर, त्याहून जास्त मुळ्या खाली.

इलिनॉयचा निम्म्याहून अधिक भाग कधीकाळी अशा प्रेरीने, म्हणजे उंच गवताच्या माळाने, व्यापलेला होता. 1837 मध्ये जॉन डिअर या लोहाराने याच राज्यात पोलादी नांगर घडवला. लोखंडी नांगराला चिकटून बसणारी काळी माती त्याच्यावरून सहज घसरू लागली, आणि काही दशकांतच गवताच्या जागी मका उभा राहिला. अस्सल प्रेरी आज हजारातला एक भागही उरलेली नाही.

मिडेविनची जमीनही कोरी नव्हती. आधी शेती होती, मग दुसऱ्या महायुद्धात इथे टीएनटी या स्फोटकाचा प्रचंड कारखाना आला. दारूगोळ्याची, मातीने झाकलेली काँक्रीटची कोठारं अजून रांगेने दिसतात. 1996 मध्ये कायदा करून ही जागा अमेरिकेच्या वनखात्याकडे दिली गेली.

मग वनखात्याने काय केलं? झाडं तोडली! शेतांच्या बांधावर लावलेल्या ओसेज ऑरेंज झाडांच्या रांगाच्या रांगा काढल्या. कारण बोबोलिंक आणि अपलँड सँडपायपर हे माळावरचे पक्षी जमिनीवर घरटी करतात. उंच झाड म्हणजे शिकारी पक्ष्याला टेहळणीची आयती जागा. शिवाय पाण्याच्या निचऱ्यासाठी शेतांत पुरलेले नळ उखडले, तेव्हा पाणथळ जागा परतल्या. ठरावीक भागांना मुद्दाम आग लावतात, म्हणजे झुडपं माजत नाहीत. सँडपायपरला आखूड गवत लागतं, म्हणून काही कुरणांत चक्क गाईगुरं चरायला सोडतात.

हे पाहताना मला सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षी आठवतो. त्यालाही असाच उघडा माळ लागतो. आपल्याकडे अशा माळाला 'पडीक' म्हणायचं आणि चांगल्या भावनेने तिथे खड्डे खणून रोपं लावायची, हे फार वर्षं चाललं. माळाचं जंगल करणं म्हणजे माळ मारणंच, असं मला आता ठामपणे वाटतं.

शरद ऋतूत स्वयंसेवक मिडेविनमध्ये पेरणीसाठी प्रेरीची बी हाताने ओरबाडून पिशव्यांत भरतात. कोणीही जाऊ शकतं. शिकागोत असाल तर जरूर जा, बोटं दुखतात पण गवतं ओळखायला शिकायची याहून चांगली जागा नाही. 2015 मध्ये आणलेले बायसन, म्हणजे अमेरिकेतले रानगवे, बघायचे असतील तर आयर्न ब्रिजच्या वाटेने जा. दुर्बीण न्या, कळप बऱ्याचदा लांब असतो.